टॉवरअण्णा

गल्लीत टॉवर उभा राहिला की लोकांचा पहिला प्रश्न भाड्याचा. "महिन्याला किती देतंय ओ कंपनी?" अण्णांना हे इतक्या जणांनी विचारलंय की हल्ली ते उत्तर देत नाहीत, नुसतं वर बघतात. वर पन्नास फुटी त्रिकोणी लोखंडी मनोरा. त्याच्या डोक्यावर फायबरची पांढरी काठी, काठीखाली आडव्या दांड्यांचा ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि सांगाड्याच्या खालून दोन्ही अंगांना उतरत गेलेली तांब्याची तार. कंपनी नाही, भाडं नाही. उलट केबल, नटबोल्ट, रंग, लायसनची फी आणि वैनींचे टोमणे असा सगळा जावकेचाच हिशेब. मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांनी 'घर स्वतःचं, शिवाय टॉवरचं उत्पन्न' अशी मनात नोंद केली होती म्हणतात. साखरपुडा होईपर्यंत अण्णांनी ती खोडून काढली नाही. त्यांनी उभ्या आयुष्यात दाखवलेला व्यवहारीपणा तेवढाच.

अण्णा हॅम आहेत. म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन, दिल्लीचा परवाना घेऊन, घरातल्या रेडिओवरून जगभरच्या अशाच परवानेवाल्यांशी बोलणारी ही जमात. राजीव गांधींकडे हा परवाना होता, हे अण्णा कुठल्याही पक्षाच्या माणसाला सारख्याच अभिमानाने सांगतात. या जातीचा माणूस डोंबिवलीच्या गच्चीवर भेटतो, पुण्यात भेटतो आणि थेट अमेरिकेतही भेटतो. तिकडे वसाहतीचे नियम अँटेना लावू देत नाहीत म्हणून तो बिचारा झेंड्याच्या खांबात तार लपवतो. माझा नमुना मात्र खासबागचा, आणि इथं लपवालपवीचा प्रश्नच नाही. खासबागेत तुमच्या घरात नवीन कुकर आला तरी तो रविवारच्या बाजारात सगळ्यांना माहीत असतो.

शहापूर, वडगाव, खासबाग हा बेळगावातला विणकरांचा पट्टा. बोळाबोळातून मागांची खडखड. अण्णांची नोकरी झाली ती मात्र उद्यमबागेतल्या कारखान्यांत, लेथवर. त्यामुळे टॉवरमध्ये विकत आणलेलं फार थोडं. क्लॅम्प स्वतः कापलेले, वरचं बेअरिंग ओळखीच्या कारखान्यातून 'रिजेक्ट' म्हणून मागून आणलेलं, जिन्याच्या कडेचं लोखंड कुणाच्या तरी पाडलेल्या शेडचं. अण्णांचं मोजमाप थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात चालतं. केबलला प्लास्टिकचा बंद आवळतानासुद्धा ते "दोन थाऊ ढिला हाय" म्हणतात आणि परत आवळतात.

मागांच्या मोटारी सुरू झाल्या की अण्णांच्या रिसीव्हरमध्ये करकर सुरू होते. दुसरा हॅम या आवाजाला शिव्या देईल. अण्णा डोळे मिटून ऐकतात आणि निदान करतात. "कोपऱ्यावरचा. स्टार्टरचा कॉन्टॅक्ट जळलाय त्याचा." दुसऱ्या दिवशी पाना-पेचकस घेऊन स्वतः जातात आणि फुकट दुरुस्त करून येतात. मागवाल्याला वाटतं, देवमाणूस. अण्णांना पहाटे चाळीस मीटर लांब लाटांच्या पट्ट्यावर ब्राझील ऐकायचं असतं, हे त्याला कुठं ठाऊक?

आता ब्राझील ऐकू आलं तर अण्णा काय बोलतात? इथं या जातीचं खरं रहस्य आहे. काही बोलत नाहीत. "तुमचा सिग्नल फिफ्टी-नाइन. नाव अमुक. हवा ढगाळ. सेव्हन्टी-थ्री." संपलं. त्र्याहत्तर म्हणजे 'लोभ असावा'. एवढ्यासाठी पन्नास फूट लोखंड! पूर्वी मला हे हास्यास्पद वाटे. मग कळलं की कायद्यालाही हेच पाहिजे होतं. हौशी रेडिओवर काय बोलावं याबद्दल जुन्या आंतरराष्ट्रीय नियमांत एक कलम होतं. त्याचा मथितार्थ असा: तांत्रिक चाचण्यांबद्दल बोला आणि व्यक्तिगत बोलायचंच असेल तर ते इतकं बिनमहत्त्वाचं असू द्या की त्यासाठी तार किंवा फोनचा खर्च करणं कुणालाही पटू नये. म्हणजे महत्त्वाचं बोलाल तर नियमभंग. बिनमहत्त्वाचं बोलण्याची सरकारी सक्ती जगात दुसऱ्या कुठल्या छंदावर झाली असेल असं वाटत नाही. अण्णांनी ती पाळून वर्षं काढली. पुढे फोन फुकट झाले आणि बिनमहत्त्वाचं बोलायला सगळ्या जगालाच परवाना मिळाला. याचं अण्णांना थोडं वाईट वाटतं.

आपल्याकडच्या 1978 च्या नियमांत आणखी एक अट आहे. राजकीय वादाचे विषय हवेवर काढायचे नाहीत. बेळगावच्या माणसाला हे सांगणं म्हणजे जिभेला कुलूपच. 1956 पासून इथं हवेबद्दल बोलायला सुरुवात केली तरी चौथ्या वाक्याला माणूस सीमाप्रश्नावर येतो. समोरच्या हॅमचा पहिलाच प्रश्न 'आपण कुठून बोलता', आणि त्याच्या उत्तरातच गावाचं नाव आणि राज्य आलं. अण्णांनी यातून काढलेली वाट मला त्यांच्या टॉवरइतकीच आवडते. हॅम मंडळींनी 1980 साली इंग्लंडात मेडनहेड गावी ठरवून पृथ्वीचे चौकोन पाडले, दोन अंश रुंद, एक अंश उंच. अण्णा फक्त चौकोन सांगतात: "एमके पंच्याहत्तर." या चौकोनात बेळगाव आहे, खानापूर आहे, धारवाड आहे आणि महाराष्ट्रातलं चंदगडही आहे. निपाणी पडते त्याच्या वरच्या शहात्तरमध्ये, आणि तिथं तिच्या सोबतीला कोल्हापूर. "बघा की, निपाणी-कोल्हापूर एकात घातलंय," असं अण्णा भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून सांगतात. "आणि आमास्नी चंदगड दिलंय. वर धारवाडबी हाय, सगळ्यांनी गप बसायचं." हे ते हवेवर कधी बोलत नाहीत. घरी येणाऱ्याला मात्र चहाच्या आधी ऐकावं लागतं.

इतकी वर्षं टॉवरवर अण्णा एकटे होते. मग सर आले.

सर एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. गल्लीच्या त्या टोकाला राहतात, कौलारू घरात. कौलांवर टॉवर उभा राहत नाही. सरांची आवड दोन मीटर आणि सत्तर सेंटीमीटरच्या पट्ट्यांची, म्हणजे 145 आणि 435 मेगाहर्ट्झ. अण्णांचं प्रेम त्याच्या खालच्या पट्ट्यांवर: दिवसा वीस, पंधरा आणि दहा मीटर, दिवेलागणीनंतर चाळीस. दोघांचे देव वेगळे, पण देऊळ एकच असावं असं ठरलं. मूर्ती कुठली वर बसवायची यावरून पहिल्याच संध्याकाळी भांडण झालं.

"वरची जागा माझी. टॉवर मी उभा केलाय."

"अण्णा, तुमच्या लाटा आभाळाला आपटून परत येतात. माझ्या सरळ जातात. मला उंचीच पाहिजे ओ."

कॅलेंडरच्या पानामागे गणित झालं. पंधरा मीटरवरून रेडिओचं क्षितिज साधारण सोळा किलोमीटर. दहावर उतरवलं तर तेरा. सर म्हणाले, तीन किलोमीटर गेले माझे. अण्णा म्हणाले, मला उंची नको असं कोण म्हणतंय? वीस मीटरच्या लाटेला अर्धी लाट, म्हणजे दहा मीटर उंची मिळाली तरच ती आडवी आणि लांब जाते. त्याच्या खाली बांधली तर निम्मा जोर डोक्यावर आभाळात जातो. आभाळात कोण ऐकायला बसलंय? इथं सरांनी चूक केली आणि उपग्रहांचं नाव काढलं. इस्रोने 2005 च्या मे महिन्यात हॅमसॅट म्हणून खास हौशी लोकांसाठी उपग्रह सोडला होता, तो 2014 साली बंद पडेपर्यंत सर त्याच्यावर बोलत. अण्णांनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "तो तर डोक्यावरनंच जातोय न्हवं? मग तुमास्नी खालची जागाबी चालंल."

निकाल शेवटी वाऱ्याने दिला. सरांची काठी दोन किलोची. अण्णांचा सांगाडा सोळा किलोचा, त्याच्या दांड्या आठ-आठ मीटरच्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि बेळगावचा जुलै ज्याने काढलाय त्याला वाऱ्याबद्दल वेगळं सांगायला नको. असलं रुंद धूड मनोऱ्याच्या माथ्यावर पाइप काढून आणखी वर चढवलं, तर बुडाशी मोडणारा ताण किती वाढेल? सरांनी सूत्र मांडायला घेतलं. अण्णांनी त्यांचा हात धरला. सूत्र कशाला? लेथच्या चकमधून जॉब लांब काढला की टोकाला कसा थरथरतो, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. ते उठले, गच्चीत गेले, थोडा वेळ वर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हलकं वर. जड मनोऱ्याच्या माथ्याला चिकटून. तार त्याच्या खाली." झालं. शास्त्रातही हेच लिहिलंय. पण अण्णांनी ते हरल्याच्या नव्हे, निवाडा केल्याच्या आवाजात सांगितलं.

जागा ठरली म्हणून शांतता झाली असं नाही. अँटेना बोलत नसली तरी नुसत्या शेजाराने दुसरीला बिघडवते. जवळची कुठलीही धातूची लांब वस्तू लाट पिते आणि आपल्या परीने पुन्हा सोडते. म्हणून काठी आणि सांगाडा यांच्यात सहा फुटांची मोकळी जागा सोडलीय. स्टे वायरसुद्धा सलग नाहीत. मध्ये मध्ये चिनी मातीचे अंड्याएवढे इन्सुलेटर घालून त्यांचे तुकडे केलेत, नाहीतर एखादी तार नेमकी एखाद्या पट्ट्याच्या मापाची निघायची आणि न बोलावता गाऊ लागायची. मग गुणाकार. अण्णा 29 मेगाहर्ट्झवर बोलू लागले की त्याची पाचपट 145 होते, आणि सरांच्या कानात अण्णांचं भूत घुमतं. खुद्द सरांचे 145 तिप्पट झाले की 435, म्हणजे त्यांचा एक पट्टा त्यांच्याच दुसऱ्या पट्ट्याचे कान बंद करतो. यावर फिल्टर असतात आणि ते लावलेतही. पण खरा फिल्टर म्हणजे जिन्याखाली टांगलेली पाटी. एका बाजूला 'अण्णा', दुसऱ्या बाजूला 'सर'. जो बोलणार त्याने आपलं नाव वर करायचं. सर बहुतेक वेळा पाटी फिरवायला विसरतात. अण्णा विसरत नाहीत, ते फिरवून ठेवून जेवायला जातात.

गुणाकाराने कधी उपकारही होतात. चाळीस मीटर म्हणजे 7 मेगाहर्ट्झ, पंधरा म्हणजे 21. 7 च्या तिप्पट 21, म्हणून अण्णांची चाळीस मीटरची तार पंधरा मीटरवरही बऱ्यापैकी चालते. हा लाभ त्यांना फार आवडतो. खासबागेत फुकट मिळालेल्या गोष्टीची चव वेगळीच.

सरांनी केबलवरून एक डाव जिंकलाय, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. अण्णांनी आपल्याकडची बारीक केबल त्यांना मोठ्या मनाने दिली होती. 145 मेगाहर्ट्झला तसल्या बारीक केबलच्या शंभर फुटांत चारातले तीन भाग वॅट जिरून जातात, चौथा कसाबसा वर पोचतो. सरांचा आवाज तीन आठवडे जवळच्या काकती गावापलीकडे जाऊ शकला नाही. मग त्यांनी जाड केबल आणली, तिच्यात निम्मंच जिरतं. अण्णा म्हणाले, "माझ्या केबलनं तुमाला काटकसर शिकवली."

चाळीस मीटरची तार एकूण वीस मीटर लांब. अण्णांचा प्लॉट तेवढा रुंद नाही. म्हणून एक टोक मागच्या नारळाला बांधलंय आणि दुसरं शेजारच्या काकूंच्या गच्चीवरच्या खांबाला. त्याचं भाडं म्हणून काकूंचा मिक्सर, इस्त्री आणि देवघरातली दिव्यांची माळ अण्णा जन्मभर दुरुस्त करणार असा तोंडी करार आहे. बोलताना अशा तारेच्या टोकालाच व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, म्हणून ते टोक हाताला लागणार नाही एवढं उंच ठेवलंय. काकूंनी त्यावर काठीनं लुगडं टाकायची युक्ती शोधून काढली.

खाली अण्णांच्या मीटरचा काटा हलला. ते जिन्यात आले आणि ओरडले, "काकू, लुगडं काढा!"

"अगं बया! तुमच्या मशिनीला लुगडं दिसतंय व्हय?"

त्या दिवसापासून काकू आंघोळ करताना न्हाणीघराची खिडकी लावून घेतात. अण्णांनी पुष्कळ समजावलं. गल्लीतल्या बाकीच्या बायकांना मात्र काकूंचंच म्हणणं पटलं.

सांगाडा फिरतो. मोटार आहे, पण ती वर्षातून चार महिने बिघडलेली असते आणि मग अण्णा खालून पाइपाला पाना लावून तो हाताने फिरवतात. गल्लीला एव्हाना दिशा पाठ आहेत. रत्नागिरीकडे तोंड असलं की लंडन, चिपळूणकडे असलं की न्यू यॉर्क, गुलबर्ग्याकडे असलं की टोकियो. पृथ्वी गोल आहे म्हणून हे असंच पडतं. शाळेतल्या सपाट नकाशावर विश्वास ठेवणाऱ्यांना अमेरिका चिपळूणवरून जाते हे पटत नाही. पण भाजीवाली जाता जाता विचारते, "आज कुठं अण्णा?" आणि अण्णा सांगतात, "जपान." ती म्हणते, "मग संध्याकाळी कोथिंबीर देऊ?" कारण जपान म्हणजे अण्णा सकाळभर खाली उतरत नाहीत, हे तिला अनुभवाने माहीत आहे.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा गडगडाट सुरू झाला की टॉवरवरचे सगळे वाद थांबतात. जिथं असतील तिथून दोघेही धावत येतात आणि केबली उपसून जमिनीच्या तारेला जोडतात. त्या तारेचं तांब्याचं पान मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पुरलंय. उन्हाळ्यात अण्णा खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात, तेही नळ एक दिवसाआड येत असताना, वैनींच्या देखत. टॉवर वीज ओढतो म्हणून गल्लीतली निम्मी माणसं घाबरतात. टॉवर आहे म्हणून आपल्या घरावर पडणार नाही असं उरलेल्यांना वाटतं. अण्णा दोघांनाही होय म्हणतात.

कुणी फार चेष्टा केली की ते एकदम गंभीर होतात. 26 जानेवारी 2001, भूज. फोन मेले होते, हॅमनी निरोप पोचवले. 2004 ची त्सुनामी: छंदाची मोहीम म्हणून अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांचा रेडिओ बेटांचा आणि मुख्य भूमीचा दुवा झाला. हे खरं आहे आणि अण्णा ते सांगतात तेव्हा चेष्टा करणारा गप्प बसतो. अशाच प्रसंगासाठी अण्णांच्या पलंगाखाली बारा व्होल्टची बॅटरी कायम भरलेली असते. लाईट गेली की निम्मी गल्ली आपापले मोबाईल घेऊन तिला लावायला येते. परवा तर कॉटखालून वायरी काढत अण्णा कुणाला तरी बजावत होते, "आपत्ती आली तर मला इस टक्के तरी ठेवा रे!"

आणि आता टॉवरला तिसरा दावेदार आलाय. कोपऱ्यावरच्या मागवाल्याची नात, पीयूसी सायन्सला. आजोबांचा स्टार्टर दुरुस्त करायला अण्णा यायचे, त्यांच्या मागोमाग ती इथं यायला लागली आणि मोर्सही शिकली. मागाचा ठोका नुसता डिट-डिट-डिट चालतो, त्यात एक लांब 'डा'ही नाही, म्हणून ऐकायला कंटाळा येतो, असं ती म्हणाली तेव्हा अण्णांनी वैनींना हाक मारून ते वाक्य परत म्हणायला लावलं. तिला सहा मीटरचा पट्टा पाहिजे, 50 मेगाहर्ट्झ. अँटेना तीन मीटर रुंद. जागा कुठं, तर काठी आणि सांगाडा यांच्यामधल्या त्या सहा फुटांत.

"माझ्या फार जवळ येतंय," सर म्हणाले.

"माझ्याबी," अण्णा म्हणाले. दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

पोरगी म्हणाली, "फक्त मे-जूनला लावते की. सहा मीटर तेव्हाच तर उघडतंय. मग काढून ठेवते."

अण्णांनी तिला बजावलं की आधी परीक्षा, त्यासाठी गोवा नाहीतर बेंगळूर गाठायचं, मग परवाना, मग बघू. टॉवर म्हणजे काय धर्मशाळा हाय? हे शुक्रवारी. रविवारी सकाळी बाजाराच्या गर्दीतून अण्णा सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून येताना दिसले. उद्यमबागेतून. पिशवीत नवा क्लॅम्प, कडा घासून गुळगुळीत केलेला.

"अण्णा, अजून तिनं फॉर्मसुद्धा भरला नाही," सर म्हणाले.

"क्लॅम्प रिकामाच लावतोय ओ. वारा कसा लागतोय बघायला."

पट्टा कमरेला बांधून ते चढायला लागले. पंधरा-वीस फुटांवर गेले असतील तेवढ्यात वैनी पदराला हात पुसत अंगणात आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "रिकामाच ठेवणार असला तर त्याला माझी दोरी बांधा की. पापड वाळवायला जागा नाही."